पंधरा मिनिटं तुझी, पंधरा माझी

आम्ही चिपळूणहून बोलतोय.

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्त्यांविषयी बोलतो, कोकम-फणसाविषयी बोलतो, पोरांच्या शाळेविषयी बोलतो. आज जरा वेगळा विषय आहे, बुद्धिबळाचा. लगेच रेडिओ बंद करू नका. "ते हुशार माणसांचं काम, आपल्याला काय त्याचं" असं आम्हीही म्हणत होतो. आता दर शनिवारी खेळतो आणि स्पर्धाही आम्हीच चालवतो. ती कशी चालवायची आणि तिचा आपल्याला काय उपयोग, तेवढं आज सांगायचं आहे.

दर शनिवारी दुपारी अडीच वाजता आमच्या मंडळाच्या वरच्या खोलीत आठ-नऊ पट मांडले जातात. सोळा-अठरा माणसं येतात. तिसरी-चौथीतली पोरं असतात, कॉलेजातल्या मुली असतात, एक निवृत्त गुरुजी आहेत, एक रिक्षावाले दादा आहेत आणि आम्ही बायका आहोत. प्रत्येकाकडून दहा रुपये घेतो. चार फेऱ्या होतात आणि साडेपाचला खोलीला कुलूप लागतं. चषक नाही की रोख बक्षीस नाही. फळ्यावर त्या दिवसाचे गुण लिहितो, पहिल्या आलेल्यासाठी टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

सुरुवातीला मात्र आम्ही खेळायला गेलोच नव्हतो. पोरांना सोडायला गेलो होतो. स्पर्धा पोरांची होती आणि मंडळातले एक सर ती चालवायचे. आम्ही आया जिन्यात बसून राहायचो. कोणी भाजी निवडायची, कोणी गटाचा हिशेब करायची. वर काय चाललंय ते बघायला कोणी जात नव्हतं.

एका शनिवारी पंधरा पोरं आली. बुद्धिबळात दोघांची जोडी लागते, त्यामुळे विषम संख्या झाली की एकजण उरतो. त्याला न खेळता एक गुण देतात. त्याला म्हणतात 'बाय'. त्या दिवशी बाय मिळाला तो पोरगा गुण मिळाला तरी रडायला लागला. त्याला गुण नको होता, त्याला खेळायचं होतं. सरांनी जिन्यात डोकावून विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला सोंगट्या हलवता येतात का?" आमच्यातली एकजण भीत भीत उठली. लहानपणी भावाबरोबर खेळायची ती. लग्नानंतर बावीस वर्षांत पट डोळ्यांनी पाहिला नव्हता. बायच्या जागी बाई बसली, असं सगळी हसली. ती हरली. पण खाली आल्यावर ती जे बोलली ते आम्ही अजून विसरलो नाही. म्हणाली, "अगो, बावीस वर्षांत पहिल्यांदा सलग अर्धा तास मला कोणी हाक मारली नाही."

पुढच्या शनिवारी जिन्यातल्या आणखी दोघी वर गेल्या. आमची सुरुवात अशी झाली.

आता हे 'जलद' बुद्धिबळ म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या स्पर्धांत एकेक डाव चार-पाच तास चालतो. आपल्यापैकी कोणाला इतका वेळ मिळणार? जलद प्रकारात प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि एक तासापेक्षा कमी वेळ असतो. दहा किंवा त्याहून कमी मिनिटांचा खेळ हा आणखी वेगळा प्रकार, त्याला 'ब्लिट्झ' म्हणतात. आम्ही प्रत्येकाला पंधरा मिनिटं देतो. म्हणजे डाव कितीही रंगला तरी अर्ध्या तासात संपतोच. पुढच्या फेरीच्या जोड्या लावायला दहा मिनिटं धरा. अशी एक फेरी चाळीस मिनिटांची. चार फेऱ्यांना दोन तास चाळीस मिनिटं लागतात. अडीचला बसलं की पाच वाजून दहा मिनिटांनी उठायचं, हे आधीच ठरलेलं असतं. घरी सांगता येतं, "साडेपाचला निघते." आणि खरंच साडेपाचला निघता येतं. आमच्याकडे बायका टिकल्या त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण ते घड्याळच. त्याला दोन तोंडं असतात. आपली चाल झाली की आपलं बटण दाबायचं, की आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. समोर गुरुजी असोत, कॉलेजातला पोरगा असो की आठ वर्षांची चिमुरडी असो, पंधरा मिनिटं त्याची आणि पंधरा माझी. घरात वेळ असा मोजून कोणी देत नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरला तर बाईचा, असाच हिशेब असतो. इथे मात्र आपली पंधरा मिनिटं दुसरं कोणी वापरू शकत नाही.

आता आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुम्ही त्या करणार नाही.

सरांनी स्पर्धा आमच्या हाती दिली तेव्हा आम्ही आधी 'हरला तो बाद' ही पद्धत ठेवली. कबड्डीत, क्रिकेटात तीच पाहिलेली होती. झालं काय, की सव्वातीनच्या आत अर्धी खोली रिकामी. पहिल्या डावात बाद कोण व्हायचं? नवीन शिकणारे. म्हणजे आम्ही बायका आणि लहान मुली. पोफळीकडून दोन गाड्या बदलून येणारी एकजण पाऊण तासात परत निघाली. पुढच्या शनिवारी ती आली नाही. ज्याला खेळायची जास्त गरज, त्यालाच आम्ही लवकर घरी पाठवत होतो.

दुसरी चूक पैशाची. एकदा पाचशे रुपयांचं बक्षीस लावलं. बाहेरून चांगले खेळणारे आले आणि बक्षीस घेऊन गेले. त्याचं काही नाही. पण त्या दिवशी चालींवरून वाद झाले, एक वडील पोराच्या कानाशी लागून चाली सांगताना सापडले आणि दोन मुली रडत घरी गेल्या. तेव्हापासून रोख बक्षीस बंद केलं. प्रवेशाच्या पैशातून चहा-बिस्किटं येतात आणि उरलेल्यातून मोडक्या सोंगट्यांच्या जागी नव्या.

मग सरांनी आम्हाला स्विस पद्धत शिकवली. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिच गावच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली, म्हणून तिचं नाव स्विस. यात कोणीच बाद होत नाही. सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात. जिंकलं तर एक गुण, बरोबरीला अर्धा, हरलं तर शून्य. पुढच्या फेरीत सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावायच्या. म्हणजे जिंकलेले जिंकलेल्यांशी, हरलेले हरलेल्यांशी. एकाच माणसाशी त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही. पांढऱ्या आणि काळ्या सोंगट्या होता होईल तेवढ्या आळीपाळीने द्यायच्या. यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून प्रत्येकाला आपल्या ताकदीचा जोडीदार मिळतो. पहिल्या डावात सपाटून हरलेली बाई चौथ्या डावात जिंकून घरी जाते. सोळा खेळाडूंना चार फेऱ्या पुरतात, आठजणींना तीन.

संगणकावर जोड्या लावायची सोय आहे, पण आमचं काम पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर चालतं. प्रत्येक खेळाडूची एक चिठ्ठी. तिच्यावर नाव, कोणाशी खेळली, कोणता रंग मिळाला आणि किती गुण झाले. फेरी संपली की चिठ्ठ्या गुणांप्रमाणे टेबलावर मांडायच्या, वरून जोड्या लावत खाली यायचं. बचत गटाची वही ज्या बाईला लिहिता येते, तिला हे पंधरा मिनिटांत जमतं.

शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर? मग दोघी ज्यांच्याशी खेळल्या त्या खेळाडूंच्या गुणांची बेरीज करायची. जिचे प्रतिस्पर्धी जास्त गुणांचे, तिने जास्त अवघड डाव खेळले, म्हणून ती वर. आणि आकडा विषम झाला तर? आमच्यातली जी चिठ्ठ्या सांभाळत असेल ती खेळायला बसते. आमच्याकडे आता कोणाला रिकामं बसू देत नाही.

नियम थोडेच, पण ते सगळ्यांना सारखे. सोंगटीला हात लावला तर तीच चालवायची. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. चुकीची चाल करून घड्याळ दाबलं तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि पुन्हा तसंच झालं तर डाव गेला. नव्या खेळाडूला पहिले चार शनिवार आम्ही नुसतं सावध करतो. ज्याचा वेळ संपला तो हरला. फक्त समोरच्याकडे मात करण्याएवढ्या सोंगट्याच उरल्या नसतील, तर बरोबरी. फोन पिशवीत ठेवायचा. पालक दाराबाहेर.

या घड्याळावरून एकदा मोठा प्रसंग झाला. आमच्यातल्या एका काकूंचा डाव तिसरीतल्या मुलीशी होता. काकूंकडे वजीर जास्त, एक हत्ती जास्त. दोन-तीन चालींत मात होणार होती. पण काकू प्रत्येक चालीला इतका विचार करत बसल्या की त्यांची पंधरा मिनिटं संपली. पोरगी जिंकली. काकू चिडल्या. "मी जिंकत होते, हे आंधळ्याला पण दिसेल!" म्हणाल्या. आमच्यातच दोन तट पडले. वयाने मोठ्या आहेत, एवढं कशाला ताणायचं, असं काहीजणी म्हणाल्या. पण निकाल बदलला असता तर त्या मुलीला काय कळलं असतं? की नियम मोठ्यांसाठी वेगळा असतो. आम्ही निकाल बदलला नाही. काकू दोन शनिवार आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी आल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "भाजी निवडताना एकेक पान उन्हात धरून बघत बसले तर जेवायला कधी घालायचं? तसंच आहे हे." आता त्या पहिली दहा चाली झरझर करतात आणि वेळ पुढच्या अडचणीसाठी राखून ठेवतात.

मध्यंतरी एक विषय निघाला. बायकांची स्पर्धा वेगळी ठेवा, वेगळ्या दिवशी ठेवा, असं काही घरांतून निरोप आले. आम्ही दोन शनिवार तसं करून पाहिलं. चौघी आल्या. त्याच चौघी एकमेकींशी खेळल्या आणि कंटाळल्या. बायकांचे वेगळे सामने असू नयेत असं आमचं म्हणणं नाही. मुलींना पुढे यायला त्यांची मदत होते. पण तेवढ्यावरच थांबलं की शिकणंही तिथेच थांबतं.

हा वाद आपल्या महाराष्ट्रात फार आधी होऊन गेला आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंतीताईंनी जिंकली. जयश्रीताई १९७९ साली भारतातल्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. आणि सर्वांत धाकट्या रोहिणीताई १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या. केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की बाई आहे म्हणून कोणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. पुढे १९८१ साली रोहिणीताई आशियाच्या विजेत्या झाल्या. तेरा वर्षांच्या मुलीने जे दार उघडून ठेवलं, ते चिपळुणात आम्हीच कशाला बंद करायचं? आमची स्पर्धा पुन्हा सगळ्यांची एकत्र झाली.

आणि जलद खेळाला कोणी पोरखेळ समजू नये, म्हणून आणखी एक सांगतो. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जिया देशात बाटुमी इथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. दोन्हीकडे आपल्याच मुली होत्या. एकीकडे नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसरीकडे आंध्र प्रदेशच्या कोनेरू हंपी. दोन मोठे डाव झाले आणि दोन्ही बरोबरीत सुटले. मग निकाल कशावर लागला? जलद डावांवर. प्रत्येकीला पंधरा मिनिटं, शिवाय प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव. पहिला जलद डावही बरोबरीत सुटला आणि दुसरा दिव्याने जिंकला. २८ जुलैला ती विश्वचषक विजेती झाली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. जगाचा चषक ज्या डावाने ठरला, त्याचं घड्याळ आमच्या शनिवारच्या घड्याळासारखंच पंधरा मिनिटांवर लावलेलं होतं.

आणि हरलेल्या हंपींचंही ऐका. मुलीच्या जन्मासाठी त्यांनी खेळ थांबवला होता. परत आल्या आणि २०१९ साली मॉस्कोत महिलांच्या जलद बुद्धिबळात जगज्जेत्या झाल्या. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला पुन्हा तेच विजेतेपद मिळवलं. बाळंतपणानंतर बाईचं सगळं संपलं असं म्हणणाऱ्यांना आम्ही हंपींचं नाव सांगतो.

आता अवघड गोष्ट बोलतो. आमच्यात एक सून यायची, मुलाला घेऊन. घरात तिने "मुलाला न्यावं लागतं" असंच सांगितलेलं. मुलगा वर खेळायचा, तीही खेळायची. आमच्यात तिचा घोडा फार चांगला चालायचा. मग मुलाला क्रिकेटचं वेड लागलं आणि त्याने बुद्धिबळ सोडलं. आता ती कोणत्या नावाने येणार? घरचे म्हणाले, "पोरगा जात नाही, मग तुझं काय काम?" ती यायची थांबली.

आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. भांडायला नाही, विनवायलाही नाही. सासूबाईंना म्हणाल्या, "मावशी, चिठ्ठ्यांचं आणि वहीचं काम हिच्याकडे द्यायचं ठरलंय. हिचं अक्षर चांगलं आहे." मावशींनी थोडा विचार केला आणि हो म्हणाल्या. कामाला जाते म्हटलं की बाईला निघता येतं, खेळायला जाते म्हटलं की नाही. हे आम्हाला पटत नाही. तरी तेव्हा तोच रस्ता दिसला म्हणून आम्ही तो धरला. ती चिठ्ठ्या सांभाळू लागली, आणि आकडा विषम झाला की खेळायला बसू लागली. सहा-सात महिने गेले. मग एका शनिवारी तिने सांगितलं, आज निघताना ती घरी म्हणाली, "मी खेळायला जाते." मावशी म्हणाल्या, "साडेपाचला ये." बस, एवढंच झालं. पण ते ऐकताना आमच्यातल्या कितीजणी गप्प झाल्या!

सगळ्यांचं असं जमलं नाही. दोघींचं येणं सुटलं ते सुटलंच. एकीच्या घरी आजारपण आहे, दुसरी कामाला लागली. बुद्धिबळाने घरातली कामं कमी होत नाहीत. आठवड्याचे तीन तास तेवढे आपल्या नावावर होतात.

कोकणातलं वेळापत्रकही सांभाळावं लागतं. लावणीच्या दिवसांत वाड्यांतल्या बायका येत नाहीत, तेव्हा पाच पटांवर भागवतो. गणपतीत आणि शिमग्यात सुट्टी. गणपतीनंतरच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांना पुन्हा फोन करायचा, नाहीतर गळती लागते. पावसाचं तर काय सांगायचं? २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आम्ही विसरू शकत नाही. १८६४ सालच्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही तेव्हा पाणी शिरलं होतं. त्यामुळे चिपळुणात कोणतीही वस्तू घेताना आधी विचार होतो, ठेवायची कुठे? आमचे पट गुंडाळी करता येणारे आहेत, सोंगट्या प्लॅस्टिकच्या आहेत. वही आणि चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फडताळात ठेवतो.

मैत्रिणींनो, तुमच्या वाडीत सुरू करायचं तर फार काही लागत नाही. चार पट, आठ माणसं, तीन फेऱ्या, दोन तास. शाळेचा व्हरांडा चालेल, समाजमंदिर चालेल. बुद्धिबळाचं घड्याळ महाग असतं, एकाच्या पैशात तीन-चार पट येतात. म्हणून आधी पट घ्या. घड्याळाचं काम मोबाइलवरही होतं, त्यासाठीचं ॲप फुकट मिळतं. खेळ येत नसेल तर पोरांकडून शिका. आई आपल्याकडून शिकते म्हटल्यावर पोरं फार मन लावून शिकवतात. वार आणि वेळ एकदा ठरवा आणि मग बदलू नका, चारच माणसं आली तरी स्पर्धा घ्या. आणि ठरल्या वेळेला उठा. डाव रंगलाय म्हणून अर्धा तास जास्त बसलात, तर पुढच्या आठवड्यात दोघींना घरून निघता येणार नाही.

आणि हो, आकडा विषम झाला तर आधी जिन्यात डोकावून बघा. तिथे कोणीतरी भाजी निवडत बसलेली असेल. तिला वर बोलवा.

नमस्कार.